काकांची पाणंद आणि पिवळा बाण

रविवारी मँचेस्टरहून गाडी पकडून आम्ही अकरा जण ईडेल या डोंगरातल्या खेड्यात उतरलो. आठ मैल चालायचं आणि शेवटी पबात जेवायचं, एवढाच बेत. पहिल्याच मैलात वाट एका शेतकऱ्याच्या अंगणातून गेली. दोरीवर त्याचे कपडे वाळत होते. मी अंग चोरून निघालो; बाकीचे मात्र आपल्याच आळीतून चालल्यासारखे. खांबावर पिवळा बाण होता, म्हणजे पायवाट सार्वजनिक. मालक दारात उभा होता. पावसाबद्दल काहीतरी बोलला आणि आत गेला.

गावाकडे, कराड तालुक्यात, आमच्या काकांचं रस्त्याचं प्रकरण तहसीलमध्ये सहा वर्षं पडून आहे. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत पाणंद गिळली, ऊस बाहेर काढायला ट्रॅक्टर जात नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निदान ठरलेलं: "आपल्या लोकांना शिस्त नाही, तिकडे बघा."

तिकडे म्हणजे मी राहतो तिथे, आणि मला हे पटत नाही. ईडेलच्या डोक्यावरच्या किंडर स्काउट या खासगी मालकीच्या डोंगरावर 24 एप्रिल 1932 रोजी काही शे कामगार पोरं, चालायचा हक्क मागत, रखवालदारांना न जुमानता घुसली होती. पाच जण तुरुंगात गेले. पुढे 1949 च्या कायद्याने पायवाटा नकाशावर चढवणं कौन्सिलांच्या गळ्यात पडलं. आता शेतातली वाट पेरणीसाठी नांगरली, तरी 14 दिवसांत शेतकऱ्यानेच ती पुन्हा मोकळी करून द्यायची. (म्हणून सगळं रान मोकळं आहे असं समजू नका. वाट सोडून हिंडता येईल अशी जमीन इंग्लंडात जेमतेम 8 टक्के.)

कायदा आपल्याकडेही आहे. जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून रस्ता देतं, मामलेदार न्यायालयांचा कायदा तर 1906 चा, इंग्रजांच्याच काळातला. शेतरस्ते सातबाऱ्यावर, इतर हक्कांत चढवायचं सरकारने 2025 मध्ये ठरवलं, तेही बरंच झालं. पण रानात खूण कोण रोवणार, आणि ती उपटणाऱ्याला जाब कोण विचारणार?

पबच्या दारात चिखलाचे बूट काढून आम्ही मोज्यांवरच आत गेलो. टेबलाखाली दोन ओली कुत्री. बाकीच्यांनी रोस्ट बीफ मागवलं, मी मशरूमचा पाय (pie). तो येईपर्यंत काकांना पिवळ्या बाणाचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं:

"त्यानं अजून उपटला न्हाई व्हय?"