चकोराला चक्कर

मराठी कवितेतला चकोर चांदणं पितो. अमेरिकेतल्या शिकारी कुत्र्यांच्या क्लबात तो डझनाच्या हिशोबाने पिंजऱ्यातून येतो. पक्षी तोच, नावही तेच. इंग्रजीने आपल्याकडूनच उचललेलं. फरक एवढाच, की इथे रविवारी सकाळी त्याला चक्कर आणावी लागते, आणि हे काम क्लबातल्या सगळ्यात नव्या मेंबराच्या गळ्यात पडतं.

चक्कर कशासाठी? तर कुत्र्याच्या शिक्षणासाठी. हे कुत्रे म्हणजे लग्नाच्या जाहिरातीतल्या सर्वगुणसंपन्न वधू. पक्षी हुडकायचा, त्याच्यासमोर पुतळा होऊन उभं राहायचं, जखमी पक्ष्याचा माग काढायचा, जमिनीवरून आणि पाण्यातूनही तो आणून द्यायचा. जर्मन शॉर्टहेअर, वायरहेअर, ग्रिफॉन, पुडलपॉइंटर ही त्यातली खानदानं. आपला कारवान नजरेचा गडी, ससा दिसला की सुटला. यांचा कारभार नाकावर, त्यामुळे पक्षी दिसायच्या आधीच थांबणं ही यांची इज्जत. परीक्षा घेते नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन, स्थापना १९६९. आद्याक्षरांचा उच्चार 'नॅव्हडा'. मराठी कानाला तो 'नावडता'च्या फार जवळचा वाटतो, आणि पुढे निकाल ऐकताना त्याची आठवण येते.

तर चकोर. दोन्ही हातांनी पंख दाबून धरायचा, डोकं एका पंखाखाली सारायचं आणि पाळण्यासारखे संथ झोके द्यायचे. दहा-बारा पुरतात. मग गवतात ठेवला की तो कुत्रा येईपर्यंत गप्प बसून राहतो. कमी दिले तर तुम्ही परत येईपर्यंत स्वारी चालू लागते आणि कुत्रा रिकाम्या गवतासमोर ध्यानस्थ उभा राहतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं, वास तिथे असतोच; पण बघणारे तुमच्या कुत्र्याकडे बघून हळहळतात. झोके जास्त झाले तर पक्षी गाढ झोपतो, उडत नाही, आणि पिल्लू त्याला तोंडात धरून आणतं. नवा मालक टाळ्या वाजवतो, जुने मेंबर कपाळावर हात मारतात. कारण पक्षी पकडता येतो हे एकदा कळलं की थांबायचं कशाला? तो एक घास पुसायला महिने जातात.

दवाने भिजलेला चकोरही नीट उडत नाही. म्हणून फार पहाटे नको. ऊन चढलं की वास विरतो आणि कुत्रा धापा टाकतो. म्हणून उशीरही नको. मधला जो तासाभराचा मुहूर्त उरतो, त्यात वीस जणांना आपापला कुत्रा आधी पुढे काढायचा असतो.

पक्षी ठेवताना हातमोजे हवेत, नाहीतर कुत्रा माणसाचा वास शोधायला शिकतो. ठेवणाऱ्याच्या पावलांचाही माग लागतो, म्हणून पायवाट सोडून शेवटचे दोन-तीन मीटर पक्षी अलगद बाजूला टाकायचा. खूण म्हणून झुडपाला रंगीत फीत बांधाल तर हुशार पिल्लू चौथ्या खेपेला फितीसमोरच उभं राहील. आणि वारा बघा, वारा! कुत्रा वाऱ्याला आडवा आणायचा, म्हणजे वास लांबूनच नाकात शिरतो. पाठीवर वारा घेऊन आणलात तर तो पक्ष्यावर पाय देईल आणि बिचारा तुमच्यापेक्षा जास्त दचकेल.

थांबवायचा हुकूम 'व्हो', इंग्रजीतला 'whoa'. जाणते सांगतात, मग 'नो' म्हणायचं सोडा. कुत्र्याच्या कानाला दोन्ही सारखेच. मराठी माणसाची पंचाईत वेगळी. फोनवर आईला 'हो, हो' म्हटलं की मैदानात पळणारं पिल्लू खांबासारखं उभं. तसंही पहिल्या परीक्षेआधी हा हुकूम घोटू नये, असं माझं ठाम मत आहे. ती परीक्षा उपजत गुणांची, सोळा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांची. उडालेल्या पक्ष्यामागे पिल्लू धावलं तरी चालतं. पण आज्ञाधारक होऊन मालकाच्या पायात घोटाळलं, तर शोधाचे गुण गेले.

बंदुकीचा आवाज हे दुसरं प्रकरण. पिल्लाला थेट नेमबाजीच्या मैदानावर नेऊन 'सवय होईल' म्हणणारे लोक मुलांना ढकलून पोहायला शिकवणाऱ्यांच्या गोत्रातले. पिल्लू पक्ष्यामागे बेभान धावत असताना दुसऱ्या माणसाने सत्तर-ऐंशी मीटरवरून छोट्या पिस्तुलातली कोरी, म्हणजे नुसता आवाज करणारी गोळी उडवायची. पिल्लाने मागे वळून बघितलं, तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. नाही बघितलं, तर अनेक दिवसांत हळूहळू अंतर कमी करायचं. परीक्षेत मैदानातल्या किमान वीस मिनिटांत गोळ्या उडतातच, आणि बुजलेल्या कुत्र्याला बक्षीस नाही.

माग काढण्यासाठी फेझंट या कोंबडीएवढ्या शिकारी पक्ष्याची उडायची पिसं उपटून त्याला जमिनीवर सोडतात. सुरुवातीच्या जागी थोडी पिसं पडलेली असतात, तिथे कुत्र्याचं नाक टेकवायचं, सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. हे गप्प उभं राहणं मालकांना अजिबात झेपत नाही. पाण्याचं सोपं: टाकलेल्या बंपरमागे, म्हणजे तरंगणाऱ्या नकली शिकारीमागे, दोनदा पोहायचं, परत आणून देण्याची सक्ती नाही. म्हणजे कुत्र्याला सोपं. पाणवनस्पतीत अडकलेला बंपर काढायला गुडघाभर चिखलात कोणी उतरायचं, ते ओळखा.

शेवटी तीन परीक्षक दात, डोळे, केस तपासतात. तोंड मात्र मालकाने उघडून दाखवायचं असतं. कुत्र्याने घरी कधी कोणाला दात मोजू दिलेले नसले, तर चारचौघांत भरत मुनींच्या सगळ्या मुद्रा होतात. मग निकाल, जाहीर वाचून. प्रत्येक गुणाला ० ते ४, त्याला ठरलेला गुणक. नाकाला ६, सहकार्याला फक्त २. सगळे गुण धरून जास्तीत जास्त ११२. म्हणजे मालकाचं ऐकणं नाकाच्या एक तृतीयांश किमतीचं! घरोघरी हेच प्रमाण असावं. सहकार्यात ३ मिळालेल्या कुत्र्याचा मालक डोळे मिटून ऐकतो. कुत्रा परीक्षकाचा बूट चाटत असतो.

गाड्या भरून होईस्तोवर अंधार पडतो. सकाळी निसटलेला एखादा चकोर पिंजऱ्यातल्या भाऊबंदांच्या हाका ऐकून परत येतो आणि जाळीभोवती घुटमळतो. वर चांदणं असलंच तरी तो तिकडे बघत नाही. खाली मक्याचे दाणे सांडलेले असतात, ते टिपतो.