नक्कल विभागातली रिकामी खुर्ची

आईच्या जमिनीच्या दाव्यातल्या हुकूमनाम्याची नक्कल आणायला आज तिसऱ्यांदा तालुक्याच्या कोर्टात गेले. नक्कल विभागात दोन टेबलं. एका खुर्चीवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, दुसरीवर एकच ताई. नकला त्याच काढणार, मूळ कागदाशी ताडून त्याच बघणार, आणि कोर्टहॉलमधून हाक आली की तिकडेही त्याच धावणार. म्हणाल्या, "अजून सही व्हायचीय, परवा या." माझं डोकं फिरलं. 74 वर्षांची आई एसटीने आली होती, बाहेर बाकावर बसली होती. मी त्या ताईंना नको ते बोलले.

न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या आहेत म्हणून सगळे ओरडतात. ओरडायलाच हवं. पण समन्स बजावायला बेलिफ नाही, साक्ष उतरवून घ्यायला लघुलेखक नाही, मग न्यायाधीश एकटे काय करतील? 'समन्स बजावणी नाही' एवढ्यावर आमच्या किती तारखा गेल्या, माझ्या आईला विचारा.

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी 4,629 पदांची जाहिरात काढली. त्यात 2,795 नुसते कनिष्ठ लिपिक! पुढे रिकाम्या होणाऱ्या जागाही त्यात धरल्या असतील, मान्य. तरी एवढा आकडा साचेपर्यंत थांबायचंच का? माणूस कधी निवृत्त होणार हे तो रुजू होतो त्याच दिवशी कळतं ना? मग तो जायच्या आधी दुसरा तयार का नसतो? टायपिंगची सर्टिफिकेटं घेऊन पोरं वर्षानुवर्षं जाहिरातीची वाट बघतायत आणि इकडे खुर्चीवर गठ्ठे!

नक्कल मिळेपर्यंतचे दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत, हे वकीलसाहेबांनी सांगितलंय. असेल. जमिनीच्या नोंदीतला आमचा फेरफार तर त्या कागदावाचून अडलाय.

चार वाजता राहवेना म्हणून परत आत गेले. ताई तेव्हा कुठे डबा उघडत होत्या. माफी मागितली. गठ्ठ्यांकडे बघत म्हणाल्या, "ते साहेब रिटायर होऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं टेबल माझ्याकडेच आहे." एवढंच. तक्रारीचा सूर नाही. मला माझ्या सकाळच्या आवाजाची लाज वाटली, आणि बसस्टँडवर येईपर्यंत राग पुन्हा चढला, पण आता त्यांच्यावर नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "परवा आईंना आणू नका. सही घेऊन ठेवते, तुम्ही एकट्याच या."