मोटरीले ऑटो हाय, ॲपले काऊन नाही?

विहिरीवरची मोटर रात्री दोनला लाइन आली की आपोआप सुरू होते, कारण स्टार्टरच्या पेटीत ऑटो बसवलेला असतो. त्याच शेतकऱ्याची उधारी दाखवणारं, कृषी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर चालणारं नोडचं ॲप मात्र लाइन येऊनही सकाळपर्यंत झोपलेलं. मग फोन : "काऊन भाऊ, मोबाइलवर हिशेब दिसून नाही राहिला?"

दोष नोडचा नाही. प्रोग्रामर रायन डाल यांनी ते २००९ साली आणलं ते सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायला, रात्रीची जागल करायला नव्हे. 'नोड ॲप.जेएस' लिहून एंटर मारला की ॲप टर्मिनलचं (कमांड लिहायच्या खिडकीचं) बोट धरून चालतं. घरून एसएसएच केलेलं (नेटवरून दुकानातल्या कॉम्प्युटरवर शिरलेलं) असताना रेंज तुटली, की शेलला, म्हणजे आपल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रामला, हँगअपचा सिग्नल मिळतो (नाव मोडेमच्या काळातलं, फोन कटला की यायचा तो) आणि शेल तो ॲपच्याही हाती देतं. ॲप जागीच आडवं. कमांडच्या शेवटी अँडचं चिन्ह (&, म्हणजे पडद्यामागे चालव) लावलं की भागलं, असं समजणारे पुष्कळ. गंमत अशी, की 'एक्झिट' लिहून शहाण्यासारखं बाहेर पडलं तर बॅश (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) सहसा त्या ॲपला हात लावत नाही. रेंज तुटली तर सोडत नाही. म्हणून नागपुरात चाललेलं ॲप गावात पडतं. नोहप (हँगअपकडे काणाडोळा करायला लावणारी कमांड) लावा, तरी ॲप स्वतःच्या चुकीनं पडलं तर उचलायला कोणी नाही.

माझ्या मते खरा ऑटो म्हणजे सिस्टिमडी, लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा. सात-आठ ओळींची सर्व्हिस फाइल, पण खोड्या त्यातच. एक्झेकस्टार्टमध्ये (काय चालवायचं त्या ओळीत) नोडचा पूर्ण पाथ द्या. एनव्हीएमनं (नोडची वेगवेगळी व्हर्जनं टाकणाऱ्या साधनानं) नोड टाकला असेल तर पाथमध्ये व्हर्जनचा आकडा असतो. जुनं व्हर्जन काढलं की २०३ नंबरचा एरर, म्हणजे प्रोग्राम चालवताच आला नाही. वर्किंग डिरेक्टरी (ॲपचं फोल्डर) विसरलात तर ॲप आपली सेटिंगची डॉट ईएनव्ही फाइल भलतीकडेच शोधतं. 'रीस्टार्ट' ऑलवेज ठेवा आणि रीस्टार्टसेक ५, म्हणजे पुन्हा उठवण्याआधी ५ सेकंद थांब. ही दुसरी ओळ गाळली, की लाइन आल्यावरचा तमाशा बघा : हिशेब साठवणारा मायएसक्यूएल डेटाबेस अजून डोळे चोळतोय, ॲप त्याला हाका मारून पडतंय, सिस्टिमडी दर १०० मिलिसेकंदांनी त्याला उभं करतंय. १० सेकंदांत ५ वेळा झालं की सिस्टिमडी हात झटकतं. ५ सेकंद थांबलं तर ही मर्यादा गाठलीच जात नाही. नंतर डेमन-रीलोड (सिस्टिमडीला फाइल नव्यानं वाचायला लावणारी कमांड), आणि नुसतं स्टार्ट नाही, एनेबलही. स्टार्ट आजच्यापुरतं, एनेबल मशीन पुन्हा चालू होईल तेव्हासाठी.

अर्थात विहीर कोरडी असेल तर ऑटोच मोटर जाळतो. कोडमध्येच घोळ असेल तर ॲप दर ५ सेकंदांनी रात्रभर पडत-उठत राहील. जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टिमडीची नोंदवही, उघडून बघायला माणूसच लागतो.

फाइल लिहायचा कंटाळा असेल त्यांना पीएम-टू आहे, नोडची ॲपं सांभाळणारं साधन. स्टार्ट, स्टार्टअप, सेव्ह, या क्रमानं. स्टार्टअप काम करत नाही, काम सांगतं : सुडोची (मालकाच्या हक्कानं चालणारी) लांबलचक ओळ छापतं, ती उचलून आपणच चालवायची. आणि सेव्ह राहिलं, तर लाइन आल्यावर पीएम-टू उठतो, पण कोणाला उठवायचं ते त्याच्याकडे लिहिलेलं नसतं. मुकादम हजर, मजूर गायब.

हे सगळं केलं तरी खुद्द कॉम्प्युटर चालू व्हायला हवा. बायॉसमध्ये (कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती बऱ्याचदा 'बंदच राहा' अशी असते, ती 'पॉवर ऑन' करा. मग भर दुकानात प्लग काढून, पुन्हा लावून, कशालाही हात न लावता मोबाइलवर हिशेब उघडतो का ते पाहा.

तो प्लग खताच्या गोण्यांमागे आहे. फवारणीच्या दिवसांत तिथं बॅटरीचा पंप चार्जिंगला लागतो, आणि कॉम्प्युटरची वायर गोणीवर पडलेली असते.