बावीस श्रेयांक आणि दीड लिटर दूध

बँकेत २२ वर्षं मी दुसऱ्यांच्या खात्यात क्रेडिट टाकत बसले. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली, सत्काराची शाल आणि नारळ घेऊन घरी आले आणि एमएला नाव घातलं. विषय क्लिनिकल सायकॉलॉजी. हे म्हणाले, "घरात एवढं मटेरियल असताना फी कशाला भरतेस?"

कॉलेजात पहिल्याच दिवशी कळलं की नव्या धोरणात शिक्षणही क्रेडिटवरच चालतं. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. हा शब्द मला फारच आवडला. आमच्याकडे पुरणपोळी जमली की श्रेय डाळीला जातं आणि फाटली की मला. इथे विद्यापीठ दोन वर्षांत ८८ श्रेय लेखी द्यायला तयार होतं!

ते कसे मिळवायचे याचं नियोजन ज्याचं त्याने करायचं, असं सांगण्यात आलं. नियोजन म्हणजे माझा प्रांत. मार्च एंडिंगला रात्री अकरा वाजता सात रुपयांचा फरक शोधून काढणारी बाई मी. घरी आले, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि लेकीची स्केचपेनं पळवली.

एका सत्राला २२ श्रेयांक. पहिल्या सत्रात त्यांतले १४ मुख्य विषयांचे (मेजर), ४ संशोधनपद्धतीचे (आरएम) आणि ४ डीएसई नावाच्या वैकल्पिक विषयाचे. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, पण प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३० तास. बोलणाऱ्यापेक्षा करणाऱ्याने तेवढ्याच श्रेयासाठी दुप्पट राबायचं! हा नियम करणाऱ्याने आधी आमचं स्वयंपाकघर पाहिलेलं असणार. बेरीज आठवड्याला २६ तासांवर गेली. मग मी ऑगस्टच्या चौकटींत 'मेजर ४', 'आरएम २', 'डीएसई २' असं भरत सुटले. चौकटींत जागा कमीच होती, कारण खालच्या कोपऱ्यात आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशोब असतो. रोजचं '१॥', म्हणजे दीड लिटर. संकष्टी आणि दूध यांच्या मधल्या फटीत मी माझं उच्च शिक्षण बसवलं.

श्रेयांक मिळाले तरी ते ठेवायला बँक लागते. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, लाडाचं नाव एबीसी. म्हणजे एका बँकेतून जीव सोडवून घेतला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्या बँकेत खातं उघडायला निघाले. तिथे माझ्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "मॅडम, नाव जुळत नाही." हे वाक्य मी स्वतः इतक्या बायकांना ऐकवलंय की त्यांतल्याच कुणाची तरी लेक आज हिशोब चुकता करत असावी, असं वाटून गेलं. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दोन फोटो. तिसऱ्या खेपेला तिने मला 'काकू' म्हटलं, तेव्हा काम होणार हे ओळखलं.

मग वैकल्पिक विषय. माहितीपत्रकात पाच होते. निवडीबद्दलचा एक प्रसिद्ध प्रयोग आम्हाला शिकवलाय. २००० साली अय्यंगार आणि लेपर या दोघांनी तो छापला. कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात त्यांनी कधी २४ प्रकारचे जॅम चाखायला मांडले, कधी फक्त ६. चोवीसांपाशी गर्दी जास्त, पण थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी जॅम घेतला. सहांपाशी ३० टक्के लोकांनी. पर्याय फार झाले की माणूस गोंधळून हात हलवत घरी जातो. आमच्या कॉलेजने विद्यार्थ्यांना हा त्रास होऊ दिला नाही.

मला हवी होती फॉरेन्सिक सायकॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीचं मानसशास्त्र. यांनी उत्साहाने पाठिंबा दिला. "घे घे. येरवड्याला कारागृह आणि मनोरुग्णालय दोन्ही आहे. एका बसमध्ये दोन विषय!" पण त्या विषयाला आम्ही तिघंच होतो, आणि किमान संख्या भरत नव्हती. न्यूरोसायकॉलॉजीला शिकवणारं कुणी नव्हतं. बाकीचे दोन 'पुढच्या वर्षी बघू' या सदरात. उरली पॉझिटिव्ह सायकॉलॉजी. अशा रीतीने आम्हा सगळ्यांवर सकारात्मकतेची सक्ती झाली. फॉर्मवर मात्र 'विद्यार्थ्याने स्वेच्छेने निवडलेला विषय' असंच छापलेलं आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाची आठवण झाली.

प्रात्यक्षिकांसाठी माणसं लागतात. घरच्यांवर चाचण्या घ्यायच्या नाहीत, अशी मॅडमची ताकीद. म्हणून सोसायटीत विचारायला सुरुवात केली. भाटिया यांची बुद्धिमापनाची बॅटरी आहे, १९५५ सालची, पाच चाचण्यांची. त्यात ठोकळे जुळवायचे असतात. मी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना एवढंच म्हटलं, "काही नाही हो, नुसते ठोकळे." तेव्हापासून मी लिफ्टपाशी दिसले की गुडघे दुखणारी माणसंसुद्धा जिना चढतात.

दुसऱ्या सत्रात ओजेटी. ऑन जॉब ट्रेनिंग, चार श्रेयांक, १२० तास. ते आधीच ठरवून ठेवावं म्हणून एका क्लिनिकमध्ये गेले. त्यांनी आस्थेने चौकशी केली, बँकेतला अनुभव ऐकून डोळे चमकले, आणि विचारलं, "टॅली येतं ना?"

आमच्या वन्संना या सगळ्यातून नेमकं काय निघणार ते हवं होतं.

"म्हणजे एमए झालीस की डॉक्टर?"

"नाही. डॉक्टर वेगळे."

"बरं, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट?"

"तेही नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या या एमएवर ती मिळत नाही, पुढे एमफिल वगैरे करावं लागतं."

"मग ते कर."

आता त्यांना कसं सांगू? २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एमफिलच मोडीत काढलं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमफिल प्रवेशांना तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. आणि माझं एमए संपतंय २०२६ मध्ये. म्हणजे मी पिशव्या सावरत स्टँडवर पोचणार, तेव्हा एसटीचे मागचे लाल दिवे दिसणार. पुढे नव्या नावाची गाडी लागेल, म्हणतात.

"मग तू होणार काय?" वन्संनी पुन्हा विचारलं.

"एमए."

"क्लिनिकल?"

"क्लिनिकल."

त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे पेपरात शिरले.

महिनाअखेरीला मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाहेर आई कालनिर्णय मांडीवर घेऊन दुधाची बेरीज करत बसल्या होत्या. चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक चौकट. दूधवाला दारात उभा.

"एकशे छप्पन लिटर!" आईंचा आवाज आला. "अरे, मागच्या महिन्यात पन्नासच्या आत होतं."

"लिहिलंय ना, आजी? मग बरोबरच असणार," दूधवाला अदबीने म्हणाला.

मी पिठाच्या हातांनी धावले, पण आई पुढे सरकल्या होत्या.

"ते राहू दे. मला आधी सांग, हे डीएसई गाईचं का म्हशीचं?"

"म्हशीचं, आजी."