न्यूट्रल बघितला का?

एक तरुण आमच्या घरी आला, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, आमच्या रेंजच्या पाटीवरची दोन अक्षरं वाचली आणि ती वाचल्याबद्दल सव्वाशे डॉलर घेऊन गेला. एफ आणि एक. मराठी शाळेत शिकलो असलो तरी एवढं इंग्रजी मलाही येतं.

रेंज म्हणजे वर चार शेगड्या, पोटात ओव्हन आणि मागे उभी पाटी. त्या पाटीत घड्याळ, ओव्हनची बटणं आणि त्यांच्या मागे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड. शेगड्यांची बटणं वेगळी, साधी, हाताने फिरवायची. त्यांचा त्या कार्डाशी काडीचा संबंध नाही. बिघडलं ते ओव्हनचं खातं. आणि आमच्या ओव्हनमध्ये आजवर भाजलंय काय? काही नाही. त्यात कढया राहतात. मोठा तवा, पोळपाट, दिवाळीचा सोऱ्या आणि मामींनी येताना आणलेलं बिडाचं आप्पेपात्र. म्हणजे जे आम्ही कधी वापरलंच नाही, ते बिघडलं म्हणून सगळ्या घराला वेठीला धरलं होतं.

कारण ती टीं-टीं. एफ-वन आला की पाटी ओरडते आणि कुठलंही बटण दाबलं तरी ऐकत नाही. गप्प करायचं तर तळघरात जाऊन ब्रेकर पाडायचा. ब्रेकर पाडला की शेगड्याही बंद. त्यामुळे चहा हवा असेल तर एकाने तळघरात उतरायचं, ब्रेकर वर करायचा, दुसऱ्याने टीं-टीं ऐकत आधण ठेवायचं, चहा गाळला की वरून हाक मारायची, "पाडा!" चहा गाळून कपात येईपर्यंत डोकं उठलेलं असायचं, मग त्यासाठी परत चहा.

आणि या सगळ्यात घरी हिचे मामा.

मामा वीज मंडळातून निवृत्त झाले. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या सबस्टेशनांवर. २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती वगैरे झाली, पण मामा अजून 'मंडळ'च म्हणतात, आणि तुकडे करणाऱ्यांना काय म्हणतात ते मामींसमोर लिहिता येत नाही. आम्ही राहतो अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. या गावाचं नाव पूर्वी रॅरिटन टाउनशिप होतं, १९५४ मध्ये बदललं, कारण एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथलीच आणि १८७९ चा तो दिवाही इथलाच. तिथे एक स्मारक-मनोरा आहे, त्याच्या टोकावर भला मोठा काचेचा बल्ब. न्यूयॉर्क बघायच्या आधी मामांनी तो बघितला, चपला काढून नमस्कार केला. मग ओक ट्री रोडवर वडापाव खाल्ला आणि "आपल्याकडच्यासारखा नाही" असं म्हणून दुसरा मागवला.

तर मामांनी पहिल्याच टीं-टींला खिशातून टेस्टर काढला. हा टेस्टर त्यांनी सांगलीहून आणलाय.

"जावईबापू, न्यूट्रल बघितला का?" न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी तार.

"मामा, तो एफ-वन दाखवतोय. कार्ड किंवा बटणांची पाटी."

"ते दाखवेल काहीही. न्यूट्रल गेला की सगळं काहीही दाखवतं. आमच्याकडे तासगावला एकदा न्यूट्रल तुटला, अख्ख्या गल्लीचे टीव्ही उडाले."

"इथे वेगळं असतं मामा. दोन बाजूंनी एकशेवीस-एकशेवीस व्होल्ट, मिळून दोनशेचाळीस. शेगड्या त्याच्यावर चालतात."

"आणि घड्याळ?"

"घड्याळ... एकशेवीसवर."

"म्हणजे न्यूट्रलवर!"

मला राग आला तो इथे. कारण हे बरोबर होतं: एकशेवीस मिळतात ते एक बाजू आणि न्यूट्रल यांच्यामध्येच. बिघाड न्यूट्रलचा नव्हता, पण घड्याळ न्यूट्रलवरच चालतं, आणि एवढं बरोबर निघाल्यावर मामांना आवरणं ब्रह्मदेवाच्या बापाला शक्य नव्हतं.

मेकॅनिक आला तेव्हा मामा शर्ट इन करून बसले होते. त्याने एफ-वन वाचला, टॅब्लेटवर फोटो काढला.

"विचारा त्याला, न्यूट्रल बघितला का."

मी विचारलं. तो म्हणाला, कार्ड गेलंय.

"कार्ड गेलं ते बघून सांगितलं का न बघता?"

हे मी जरा मऊ करून विचारलं. तो म्हणाला, कोडवरून कळतं. आणि या मॉडेलचं कार्ड आता बनत नाही, नवीन रेंज घ्या.

"कव्हर तरी उघड म्हणावं!"

कव्हर उघडणं हे भेटीच्या शुल्कात बसत नाही, असं तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. हे मी जसंच्या तसं मामांना सांगितलं आणि पुढच्या मजकुरासाठी एक पाऊल मागे सरकलो.

"मंडळात आम्ही असं म्हटलं असतं ना, लोकांनी डीपीला बांधून ठेवलं असतं!"

"काय म्हणतायत?" मेकॅनिकने विचारलं.

"तुमचं काम बघून खूश झालेत."

तेवढ्यात त्याचं लक्ष मागच्या शेगडीवरच्या कुकरकडे गेलं. हे काय? प्रेशर कुकर. याच्यातून वाफ येते? येते, शिट्टीतून. मग ती वाफ थेट पाटीवर जाते, ओल आत शिरते, कॉन्टॅक्ट चिकटतात. मागच्या शेगडीवर हे ठेवत जाऊ नका. सांगताना त्याने माझ्याकडे ज्या करुणेने बघितलं, ती करुणा शुल्कात बसत होती असं दिसलं. वाफेचं त्याचं म्हणणं खोटं नाही. पण शेगडीच्या ऐन मागे, वाफेच्या वाटेवर, नाजूक बटणं बसवायची अक्कल कोणाची? इथले लोक पास्ता उकळतात, त्यालाही वाफ येतेच की! आम्ही डाळ शिजवली की तो मात्र गैरवापर.

तो गेल्यावर मामांनी ब्रेकर पाडायला लावला, तो पडल्याची टेस्टरने दोनदा खात्री केली आणि रेंज भिंतीपासून ओढून मागचं पत्र्याचं कव्हर काढलं. आत एक पाकीट चिकटवलेलं. पाकिटात घडी घातलेला कागद आणि वर ताकीद: फक्त प्रशिक्षित तंत्रज्ञांसाठी. ओव्हनच्या सेन्सरचा रेझिस्टन्स खोलीच्या तापमानाला साधारण १,०८० ओहम हवा, वगैरे सगळं त्यात होतं. मामांनी तोही माझ्या मीटरने मोजला, बरोबर निघाला, तरी तोंड वाकडं केलं. एफ-वनपुढे लिहिलं होतं: बटणांची रिबन केबल कार्डातून काढा. कोड गेला तर बटणांची पाटी बदला, राहिला तर कार्ड बदला.

त्या प्रशिक्षित तंत्रज्ञाने हा कागद बघितला नाही. पाकीट कंपनीने सीलबंद पाठवलं होतं, ते मामांनी फोडलं.

मामांनी दोन बोटांनी रिबन सोडवली. त्यांची नखं पितळी नळासारखी कडक आहेत, कामाची निघाली. ब्रेकर वर केला. थांबलो. टीं-टीं नाही. शेगडी लागली. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं, चिकटली होती ती बटणं. आता घड्याळ नुसतं लुकलुकतं, वेळ लावायला बटण नाही. ओव्हन चालणार नाही. कढयांना काय फरक पडतो?

मी कंपनीला फोन केला की तुमच्या माणसाचं निदान चुकलं, पैसे परत द्या. पलीकडची बाई म्हणाली, शुल्क निदानाचं नसून येण्याचं आहे. मग बटणांची पाटी तरी द्या. तीही बनत नाही. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटामध्ये १ जुलै २०२४ पासून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू झाला, त्यात घरगुती उपकरणंही येतात, असं मी तिला तावातावाने ऐकवलं. तिने माझा पिनकोड विचारला. मी सांगितला. "तो न्यू जर्सीचा आहे, सर," ती म्हणाली, आणि सर्वेक्षणासाठी लाइनवर थांबायची विनंती केली.

सव्वाशे डॉलरांत ओक ट्री रोडवर किती वडापाव आले असते याचा हिशेब मी करत बसलो होतो, तर मामा हॉलमध्ये व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या मित्रांना रेंजचं उघडं पाठाड दाखवत होते.

"काही नाही रे, इथेही तेच. न्यूट्रल."