नेट झालं, सेट झालं; शिकवायला कुठे शिकलात?

सातवीच्या वर्गावर उभं राहायचं तर डी.एड. नाहीतर बी.एड. हवं, वर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. पाठ टाचण काढा, सराव पाठ द्या, मागच्या बाकावर बसलेल्या सरांचे शेरे ऐका. आणि सीनियर कॉलेजात? पदव्युत्तरला ५५ टक्के, नेट किंवा सेट यांपैकी एक पात्रता परीक्षा, की घ्या खडू हातात.

नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन क्षमतेवर पाचेक प्रश्न असतात, तेही बहुपर्यायी. फळ्याकडे तोंड करून तासभर पुटपुटणारा माणूससुद्धा त्यांची उत्तरं बिनचूक देतो! मुलाखतीत दहा मिनिटं डेमो घेतला तरी समोर तज्ज्ञ बसलेले, विद्यार्थी नाहीत.

पात्रतेवरून आपण कमी भांडलो का? महाराष्ट्रात १९९१ ते २००० मध्ये लागलेल्या बिगर नेट-सेटवाल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न इतका चिघळला की २०१३ मध्ये प्राध्यापकांचा परीक्षेच्या कामावरचा बहिष्कार दोन महिन्यांवर चालला. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठ विभागांसाठी पीएच.डी. सक्तीची केली, ती २०२१ वरून २०२३ वर ढकलली आणि शेवटी ऐच्छिक करून टाकली. एवढ्या गदारोळात ‘याला शिकवता येतं का?’ हा मुद्दा ना आयोगाने लावून धरला, ना सरकारने, ना आपल्या संघटनांनी.

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांपुढच्या मुलांना आणि प्रौढांना व्यवसाय शिकवणारी फर्दर एज्युकेशन कॉलेजं आहेत. तिथे २००७ च्या नियमांनुसार नव्या शिक्षकाला ठरावीक मुदतीत अध्यापनाची पात्रता मिळवणं सक्तीचं होतं, मग तो गवंडीकाम शिकवणारा का असेना. २०१३ मध्ये ती सक्ती काढून निर्णय कॉलेजांवर सोडला. मला ते पटलेलं नाही. पण काढायला तरी तिथे नियम होता.

आता कुणीतरी म्हणेल, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाच्या मानधनावर राबणाऱ्यांच्या डोक्यावर आणखी एक कोर्स कशाला? बरोबर आहे. स्वखर्चाचा कोर्स नकोच, त्याचीही दुकानं निघतील. ओरिएंटेशन, म्हणजे प्राध्यापकांचा उद्बोधन वर्ग, आहे, पण ते पदोन्नतीच्या फायलीसाठी. तासिका तत्त्वावरच्या माणसाला पदोन्नतीच नाही, तर त्याला कोण पाठवणार?

माझं म्हणणं एवढंच: पहिलं वर्ष पूर्ण पगारावर, पण तास कमी. महिन्यातून दोनदा एखाद्या जुन्या प्राध्यापकाने मागे बसून तास ऐकावा आणि नंतर तोंडावर सांगावं. सीएचबीवाल्यांनाही हेच, आणि त्या तासांचे पैसे द्यावेत.