मेकॅनिकलला ग्राफिक्स कार्ड लागतंच का? एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण नेमकी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. इतर वाचकांसाठी थोडक्यात: यांच्या मुलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय. दुकानदार म्हणतो, कॅडसाठी, म्हणजे सॉलिडवर्क्ससारख्या यंत्रभाग रेखाटायच्या सॉफ्टवेअरसाठी, वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी स्वतंत्र चिप) असलेला गेमिंग लॅपटॉपच घ्या. मी लेखात लिहिलं होतं की बहुतेकांचं काम ग्राफिक्स कार्डाशिवाय, १६ जीबी रॅमवर भागतं. त्यावर यांचा सवाल: ‘तिसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्स अडकलं तर दुसरा लॅपटॉप तुम्ही घेऊन देणार का?’

घेऊन देणार नाही. पण ते अडकणार नाही असं मी का म्हणतो, ते सांगतो.

सॉलिडवर्क्समध्ये एखादं माप बदललं की त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या पायऱ्या एकामागोमाग एक पुन्हा मोजल्या जातात. हे काम मुख्यतः प्रोसेसरचा एकच कोअर (त्यातला एक स्वतंत्र काम करणारा भाग) करतो, ग्राफिक्स कार्ड तिथे बसून असतं. त्याचा उपयोग होतो तो मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडून केलेलं मॉडेल) स्क्रीनवर फिरवताना. आता अभ्यासक्रमातल्या असेंब्ली आठवा: स्क्रू जॅक, प्लमर ब्लॉक, टेलस्टॉक. यात भाग किती? एका पानावर यादी मावते. शिवाय सॉलिडवर्क्सच्या अधिकृत यादीत जी कार्डं असतात ती वर्कस्टेशनची (व्यावसायिक कामाच्या संगणकांची), गेमिंगची नव्हेत. गेमिंग कार्डावरही ते चालतं, पण ‘कॅडसाठीच बनवलंय’ हे दुकानदाराचं वाक्य सोडून द्या. यंत्रभागावरचा ताण मोजणाऱ्या अॅन्सिस या सॉफ्टवेअरच्या मोफत विद्यार्थी आवृत्तीत तर स्ट्रक्चरल गणितांना १,२८,००० नोड्सची (गणितासाठी भागावर पाडलेल्या बिंदूंची) मर्यादाच आहे. त्याहून मोठा प्रश्न तिला लॅपटॉपवर सोडवताच येणार नाही.

मुलगी बाहाच्या (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवायच्या स्पर्धेच्या) टीममध्ये गेली आणि अख्खी गाडी उघडून बसली, तर गोष्ट वेगळी. मशीन लर्निंगकडे वळली तरी एनव्हिडियाचं कार्ड कामाचं, कारण कूडा (कार्डाकडून गणितं करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली) फक्त त्याच्यावर चालतं. आणि गेम खेळायचे असतील तर तसं सरळ घरी सांगावं, त्यात कॅडला मध्ये आणू नये!

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सगळी चर्चा कार्डावर होते आणि प्रोसेसर मात्र ‘रायझन ५ आहे ना, झालं’ एवढ्यावर पास होतो. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांची नावं शेजारी ठेवा. फरक एका आकड्याचा. पहिल्यात चार कोअर, तेही २०१९ साली आलेल्या झेन २ रचनेचे. दुसऱ्यात सहा कोअर, झेन ३ चे. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो, नवेपणा पहिल्या आकड्यावरून कळत नाही. त्यातून ७५२०यूबरोबरची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आठ जीबीचा घेतला की चारही वर्षं आठच. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा. तुमच्या मुलीसाठी मी एच, किंवा एएमडीत एच-एचएसवालाच बघेन.

रॅमची पट्टी बसते त्या जागेबद्दल (स्लॉट) दुकानात एकच विचारा: ‘स्लॉट किती, आणि रिकामा कोणता?’ ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप चित्रासाठीही हीच रॅम वापरतो. त्यामुळे १६ ची एक पट्टी असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन असल्या तर स्क्रीनवरचा फरक जाणवतो.

गेमिंग लॅपटॉपची एक बाजू मला पटते: पंखे मोठे, ताकदीचा प्रोसेसर, बहुधा दोन स्लॉट. पण वजन सव्वादोन-अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर. तुम्हीच लिहिलंय की ती रोज एसटीने जा-ये करणार. वर्गात प्लगसाठी मागच्या बाकावर धाव घेणारी पोरं बहुधा याच लॅपटॉपवाली असतात.

‘जुना लॅपटॉप सुचवणं म्हणजे पोरांच्या माथी भंगार मारणं’ हेही तुम्ही लिहिलंय. मेकॅनिकलसाठी मीही जुना सुचवणार नाही. कॉम्प्युटरच्या मुलाचं बजेट तुटपुंजं असेल तर कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड वाईट नाहीत, फक्त इंटेल आठव्या पिढीच्या आधीचा नको. विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मॅकबुकचं विचारलंत, तर नको. सॉलिडवर्क्सची मॅकसाठी आवृत्ती नाही.

चार वर्षं टिकण्याची तुमची काळजी रास्त आहे. त्यासाठी कार्डाचे पैसे वाढीव वॉरंटीत घाला, शक्यतो घरी येऊन दुरुस्त करणारी. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे का, हे बिल करण्याआधी फोन करून विचारा.

दुकानदाराने कोटेशन दिलं असेल तर त्यातला मॉडेलचा पूर्ण नंबर इथे लिहा. ‘पंधरा इंची, आय फाइव्ह’ यावरून मला काहीच सांगता येणार नाही.